खरेदीखताला आव्हान देताना कोर्ट फी कशी ठरवावी

आपल्याला डावलून घराचे खरेदीखत झाल्याचे कळले की दावा लावण्याची घाई होते आणि फीचा हिशेब शेवटच्या दिवसावर जातो. वास्तविक फी दाव्याच्या शीर्षकावरून नव्हे, तर वादपत्रातील मागण्यांवरून ठरते. म्हणून मसुदा करण्याआधीच दोन प्रश्नांची उत्तरे निश्चित करावीत. त्या दस्तावर आपली सही आहे काय, आणि मालमत्तेचा ताबा आज कोणाकडे आहे?

सही आपलीच असेल, पण ती फसवून किंवा दबावाखाली घेतलेली असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 31 खाली दस्त रद्द करून मागावा लागतो. आपण दस्तात पक्षकारच नसू, तर तो दस्त शून्य (म्हणजे कायद्याने मुळातच निष्प्रभ) असून आपल्यावर बंधनकारक नाही, असे जाहीर करून मागणे पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सुहृद सिंग प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. मात्र त्या निकालात पक्षकार नसलेल्या आणि ताब्यात असलेल्या वादीसाठी सांगितलेली साडेएकोणीस रुपयांची फी वाचून हुरळून जाऊ नये. ती पंजाबमधील दाव्याला लागू असलेल्या 1870 च्या कायद्यातील आहे. मुंबईत फी आकारली जाते ती महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियम, 1959 प्रमाणे.

या अधिनियमाच्या कलम 6 मधील खंड चारचा उपखंड ‘एचए’ येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणतीही विक्री किंवा विक्रीचा करार शून्य असल्याचे जाहीर करून मागितल्यास मालमत्तेच्या मूल्यावर होणाऱ्या फीच्या निम्मी फी द्यावी लागते. उपखंडाचे शब्द विक्रीपुरते आहेत, त्यामुळे बक्षीसपत्राला आव्हान असेल तर मालकी हक्काच्या घोषणेविषयीचा उपखंड ‘डी’ तपासावा. बरेच वादी ‘जे’ या उपखंडाचा आधार घेऊन जणू दाव्याची किंमत हजार रुपये आहे अशा हिशेबाने फी भरतात. पण तो उपखंड पैशात मोजता न येणाऱ्या विषयांसाठी आहे आणि दादरच्या फ्लॅटची किंमत मोजता येत नाही, हे कोर्टाला पटवणे अवघड आहे. ताबाही मागायचा असेल, तर घराच्या बाजारमूल्यावरील पूर्ण फीचा प्रश्न येतो. फी वाचवण्यासाठी ताब्याची मागणी गाळणे मात्र घातक ठरते, कारण मागता येण्याजोगी पुढील दाद न मागता केवळ घोषणा मागणाऱ्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 34 मधील परंतुकाप्रमाणे (अपवादात्मक अटीप्रमाणे) ती मिळत नाही.

मूल्यासाठी दस्ताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडील दस्ताचा गोषवारा) हाताशी घ्यावी. तीत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात, आणि जुन्या दस्तात हे दोन्ही आकडे आजच्या किमतीच्या कितीतरी खाली असतात. त्यांतील लहान आकडा उचलून मूल्यांकन केले, तर प्रतिवादी हमखास आक्षेप घेतो आणि कोर्टाला कोर्ट फी अधिनियमाच्या कलम 8 खाली चौकशी करून मूल्य बदलता येते. मूल्य कसे काढले, हे वादपत्रात एका परिच्छेदात लिहावे. मुद्रांक शुल्क वेगळे. ते दस्तावर भरले गेले म्हणून कोर्ट फी कमी होत नाही.

मूल्यावरूनच दावा कोणत्या न्यायालयात लावायचा हेही ठरते. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा 2023 च्या दुरुस्तीने 1 कोटीवरून 10 कोटी रुपयांवर नेण्यात आली. त्यावरचे दावे उच्च न्यायालयात जातात. पश्चिम उपनगरातील मालमत्तेसाठी नगर दिवाणी न्यायालयाची दिंडोशीची शाखा आहे. फी कितीही निघाली, तरी 2018 पासून तिची कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे.

फी शासनाच्या ‘ग्रास’ पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. चलनावरील जीआरएन (शासकीय संदर्भ क्रमांक) जपून ठेवावा. फी कमी पडल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली कोर्ट तूट भरण्यास मुदत देऊ शकते. दिलेल्या मुदतीत ती न भरल्यास आदेश 7, नियम 11 खाली वादपत्र फेटाळले जाते. दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला, दस्त रद्द करण्याजोगी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात, त्यामुळे फेटाळल्यानंतर नव्याने दावा लावण्यास वेळ उरेलच असे नाही. याउलट वाद लोकअदालतीत मिटल्यास भरलेली फी परत मिळते.