पाच सेंटिमीटरचा सैनिक: आधी चुण्या, मग रंग

जोडणीच्या संचातले प्लॅस्टिकचे सैनिक बहुधा १/३५ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे असतात. त्यात पाच फूट आठ इंचांचा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. माणूस लहान करता येतो, उजेड नाही. खऱ्या बाहीवर चुणीची जशी ठळक सावली पडते, तशी या एवढ्याशा बाहीवर पडतच नाही. म्हणून सगळा गणवेश एका खाकीत रंगवला की सैनिक प्लॅस्टिकचाच दिसतो. सावली आपल्याला रंगवावी लागते. ती कुठे पडेल हे कापडावरून कळतं, आणि नारायण पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे कापडाबद्दल मी खात्रीनं सांगू शकते.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांच्यासाठी उदाहरण घेते नाईक यशवंत घाडगे यांचं. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे हे तरुण नाईक एकटेच त्या मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच हाणून ठार केलं. स्नायपरच्या गोळ्या लागून त्याच मोर्चात त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे.

आपल्याला हवा आहे तो बंदूक नळीकडून धरून उगारल्याचा क्षण. त्यासाठी टामिया या जपानी कंपनीचा ब्रिटिश आठव्या आर्मीचा संच चालतो. इटलीत भारतीय तुकड्या याच आर्मीत लढल्या आणि उन्हाळी खाकी ड्रिल, १९३७ पॅटर्नचे पट्टे, पसरट हेल्मेट हे सगळं तेच होतं. टॉमीगन संचात नसेल तर वेगळ्या शस्त्रसंचातून घ्या.

भाग फ्रेममधून हातानं पिरगाळून काढू नका, कटरनं कापा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली रेघ ब्लेडची धार आडवी धरून खरवडा आणि वरून ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवा. पॉलिश पेपर आणि एम-सील, दोन्ही बोहरी आळीत मिळतात. दोन्ही हात खांद्यापाशी कापून नव्या कोनात चिकटवा. प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचं सिमेंटच वापरा, कारण ते दोन्ही बाजू विरघळवून सांधतं. फेविक्विक रेझिनच्या पुतळ्यांसाठी ठेवा. सांधा रात्रभर सुकू द्या.

आता खरं काम. संचातल्या चुण्या हात खाली असलेल्या माणसाच्या आहेत. हात वर गेला की त्या खोट्या ठरतात. सुती शर्ट घालून, कमरेला पट्टा बांधून आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही हात उजव्या खांद्यावर उगारा. शर्ट पट्ट्यातून वर ओढला जातो. उजव्या काखेतून चुण्या निघतात आणि तिरक्या डाव्या कमरेकडे उतरतात. पट्ट्याच्या वर, डाव्या बाजूला, कापड सैल पडून फुगतं. कोपराच्या बाहेर बाही ताणून सपाट होते आणि आतल्या बाजूला तीनचार आखूड घड्या एकमेकींवर चढतात. चुणी ताण जिथे आहे तिथे खोल असते आणि दूर जाताना विरत जाते. ही एक गोष्ट पाळली तरी पुतळ्यात जोर येतो.

जुन्या चुण्या खरवडा. एम-सीलची दोऱ्याएवढी बारीक वळी करून काखेपासून तिरकी बसवा आणि ओल्या ब्रशनं तिची एक कड शर्टात मिसळवून टाका. ड्रिल हे घट्ट विणीचं ताठ सुती कापड, त्याची चुणी अरुंद आणि धारदार असते. दुसरी कड गोल करू नका.

प्रायमर आधी गडद करड्या रंगाचा, सगळीकडून. तो सुकल्यावर पांढरा, फक्त वरच्या बाजूनं, खाली मारत. लगेच उजेड कुठे पडतो ते दिसतं. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, पुढे तोच नकाशा. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत स्प्रे मारू नका, वार्निशवर पांढुरकी साय येते.

ब्रश १ नंबरचा, चांगल्या टोकाचा. तीन शून्यांचा ब्रश घेण्याचा मोह टाळा. त्यात रंगच मावत नाही आणि पॅलेटवरून पुतळ्यापर्यंत जाईतो तो सुकतो. रंग ताकाइतका पातळ हवा, दोनतीन हात द्यायचे. उन्हाळ्यात पॅलेटवरच सुकत असेल तर चपट्या डब्यात ओला नॅपकिन, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर.

खाकीची सावली काळ्यानं करू नका, कापड मळकट दिसतं. खाकीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. उजेडासाठी फिकट बदामी रंग घाला. चुणीच्या तळाशी गडद, माथ्यावर फिकट, मधे मूळ रंग. खिशाची शिवण आणि पट्ट्याची कड यांखाली एक बारीक गडद रेघ ओढली की कापड शरीरापासून सुटं दिसतं.

संचाच्या कागदावर 'त्वचेचा रंग' म्हणून दिलेला गुलाबी इथे वापरू नका. यशवंत घाडगे कोकणातल्या उन्हात वाढलेले. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित पांढरा असा सावळा रंग कालवा. सावलीला त्यात गडद लालसर तपकिरी, उजेडाला ऑकर. पांढऱ्यानं उजळवलं तर चेहरा राखेनं माखल्यासारखा होतो. नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि खालचा ओठ यांवर उजेड थोडा जास्त घ्या. सावळ्या त्वचेवर घाम चमकतो, आणि जुलैतल्या चढाईनंतर तो हवाच. डोळा इथे एक मिलिमीटरही नाही. मळकट पांढरा ठिपका, त्यावर दोन्ही पापण्यांना टेकेल अशी गडद उभी रेघ, वरच्या पापणीला तपकिरी कड. बाहुली पापण्यांना टेकली नाही तर चेहरा घाबरलेला वाटतो, आणि या माणसाच्या बाबतीत ते अजिबात चालणार नाही.

बुटांवर घोट्यापर्यंत फिकट खडूची पूड लावा. पुतळा उभा करायच्या बेसवर आपली काळी माती नको. चाळलेली फिकट माती, पातळ फेविकॉलमध्ये.

हे जमलं की मराठा लाइट इन्फंट्रीचेच शिपाई नामदेव जाधव करायला घ्या. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून जखमी कंपनी कमांडरला उचलून त्यांनी सुरुंग पेरलेला काठ चढला आणि मग दुसऱ्या जखमीसाठी परत गेले. तिथे कापड ओलं आहे. ओलं कापड अंगाला चिकटतं, मोठ्या चुण्या मिटतात आणि मांडीवर, पाठीवर बारीक सुरकुत्या उठतात. कमरेखाली खाकी दोन छटा गडद घ्या आणि मॅट वार्निशनंतर तेवढ्याच भागावर सॅटिन, म्हणजे किंचित चमकदार, वार्निशचा एक हात द्या.