डिप्लोमसीत तुर्कस्तान वाट्याला आला, तर पहिलं वर्ष कसं खेळायचं

युरोपच्या नकाशावर खेळायच्या डिप्लोमसी या बोर्डगेममध्ये तुर्कस्तान वाट्याला आला की नवख्या खेळाडूचं तोंड उतरतं. नकाशाच्या पार कोपऱ्यातला देश! पण हा कोपराच तुमचा तट आहे, पाठीमागून कोणी येत नाही. पहिल्या वर्षी, म्हणजे १९०१ साली, जिवापाड जपायचा तो काळा समुद्र.

तुमच्याकडे सोंगट्या तीन: कॉन्स्टँटिनोपल आणि स्मर्ना इथे पायदळ, अंकाऱ्यात आरमार. या खेळात फासे नसतात. सगळे आपापले हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदम उघडतात. त्यामुळे लिहायच्या आधी रशियाला बाजूला घेऊन बोला.

वर्षात चाली दोन, वसंतात आणि शरदात. वसंतातला पहिला हुकूम डोळे मिटून लिहा: कॉन्स्टँटिनोपलचं पायदळ बल्गेरियात. पहिल्या चालीत तिथे दुसरं कोणी पोहोचूच शकत नाही.

दुसरा हुकूम, अंकाऱ्याचं आरमार काळ्या समुद्रात. सेव्हस्तोपोलचं रशियन आरमारही निघालं, तर टक्कर होऊन दोघं जागच्या जागी राहतात आणि तुमचं काहीच बिघडत नाही. मी एकदा रशियाच्या शब्दावर समुद्र मोकळा सोडला. त्याचं आरमार आत आलं, आणि शरदात अंकारा वाचवायला माझं आरमार घरीच अडकून पडलं. तेव्हापासून दोस्ती असली तरी मी टक्कर ठरवूनच घेतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. रशिया-तुर्कस्तान युतीला खेळाडू 'जगरनॉट' म्हणतात. हा शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरूनच इंग्रजीत गेला. या जोडीची नुसती शंका आली तरी ऑस्ट्रिया आणि इटली एक होतात. काळ्या समुद्रातली टक्कर पाहिली की त्यांना वाटतं, यांचं भांडण आहे.

तिसरा हुकूम स्मर्नाच्या पायदळाचा. ते रिकाम्या झालेल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये आणा. रशियाशी लढायचंच असेल तर आर्मेनियात न्या, पण मग उघड वैर आलं. काळा समुद्र हाती नसेल तर त्या एकट्या पायदळाला सेव्हस्तोपोलवर पाठिंबा द्यायला कोणी नसतं, आणि बाल्कनमध्ये तुमचं एकच पायदळ उरतं.

आता शरद. बल्गेरियाचं पायदळ ग्रीसवर आणि त्याच्या मागोमाग कॉन्स्टँटिनोपलचं बल्गेरियात, असे दोन हुकूम द्या. ऑस्ट्रियाने ग्रीस अडवलं तरी तुमचं पायदळ बल्गेरियातच राहतं, केंद्र (शरदाअखेर ताब्यात असेल तर नवी सोंगटी मिळवून देणारा प्रदेश) जात नाही. मात्र आधी सर्बिया आणि रुमानियाकडे नीट बघा. तिथल्या शेजाऱ्याने बल्गेरियावर चाल केली, तर तुम्हाला ग्रीस मिळेल पण मागचं पायदळ आदळून परत फिरेल, आणि बल्गेरिया रिकामं राहिल्याने हिशेबात धरलं जाणार नाही. शंका असेल तर ग्रीसचा मोह सोडून बल्गेरियात मुकाट बसा. एक केंद्र पक्कं झालं तरी वर्ष वाया गेलं नाही.

वर्षअखेरीची नवी सोंगटी फक्त आपल्या रिकाम्या मूळ केंद्रातच (कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना किंवा अंकारा) बसवता येते. स्मर्ना बहुधा मोकळं असतं. तिथे आरमार बांधलंत तर इटली सावध होतो, पायदळ बसवलंत तर रशिया आणि ऑस्ट्रिया. इटलीचं आरमार आयोनियन समुद्रात आणि पायदळ ट्युनिसला पोहोचलेलं दिसलं, तर मात्र आरमारच बांधा. ते पायदळ जहाजांवरून सीरियात उतरवायची त्याची तयारी असू शकते.