मसाईमाराला निघताय? आधी दंड पुढे करा

केनियाची सहल ठरली की लोक पहिल्यांदा दुर्बीण शोधतात. मी म्हणते, कॅलेंडर काढा. यलो फीव्हरची लस घेतल्यावर मिळणारं पिवळं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, आणि त्याची खरी गरज परत येताना पडते. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे; म्हणून सरकार कडक. कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात जावं लागू शकतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. आम्ही सांगलीहून त्यासाठी मुंबई गाठली. पासपोर्ट न्या आणि कार्डावरचा नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. 2016 पासून हे कार्ड जन्मभर चालतं, तेव्हा पासपोर्टाजवळच ठेवा.

साठी उलटलेल्यांनी ही लस पहिल्यांदाच घेताना आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण या वयात गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. आमचे हे 67 चे. डॉक्टरांनी सगळे जुने कागद चाळले, मगच हो म्हणाले. अंड्याची ॲलर्जी असेल तर तीही सांगायची.

मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. घोडं नेमकं इथेच पेंड खातं: घरी आलो, पिठलं-भात जेवलो, गोळ्या विसरलो!

यांचं इन्सुलिन हा माझा खास विषय. पूर्वी एका सहलीत मी सगळी औषधं मोठ्या बॅगेत भरली आणि ती बॅग दोन दिवस उशिरा आली. तेव्हापासून औषधं हातातल्या पिशवीतच. शिवाय विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. सुया आहेत म्हणून डॉक्टरांचं इंग्रजीत पत्र घ्या. त्यात औषधांची मूळ नावं हवीत. क्रोसिन तिकडे कोण ओळखणार? पॅरासिटामॉल म्हणा. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे इंजेक्शनच्या वेळांचा फार घोळ होत नाही. उन्हात उभ्या जीपमध्ये मात्र पिशवी सोडून उतरू नका.

आणि हो, औषधं कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची आपली सवय! तिथे 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. मी जुन्या साडीचे बटवे शिवले.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. मसाईमाराच्या जंगलातून राजधानी नैरोबीला विमानाने हलवायचा खर्च त्यात धरलाय का, तेही विचारा. जंगलात हॉस्पिटल कोपऱ्यावर नसतं.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणत घरी काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दारातूनच सांगा, आफ्रिकेला जाऊन आलोय, मलेरियाची तपासणी करा.