चमचा ताटात पडला तरी सुई टोचायची

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागूनच यंत्रमाग. त्या खडखडाटात मी लहानपणापासून गाढ झोपलेली. पण दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेत कानाजवळ फटाका फुटला आणि सगळं बदललं. स्टीलच्या ताटात चमचा पडला तरी कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. आई भाकरी थापायला बसली की मी गच्चीवर पळायचे. आईला वाटायचं, मी रुसलेय. त्याचं फार वाईट वाटायचं.

मग दिवसभर कानात कापसाचे बोळे. चूक झाली ती इथेच. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी तपासलं तर ऐकू व्यवस्थित येत होतं, फक्त आवाज सहन होण्याची पातळी खाली आली होती. याला हायपरअक्युसिस म्हणतात. (कुणाच्या चावण्याच्या आवाजाने संताप येतो तो मिसोफोनिया, ते वेगळं.) मॅडम म्हणाल्या, "कान सतत बंद ठेवलेत तर मेंदू आवाज आणखी वाढवून ऐकेल."

बोळे एकदम नाही, थोडे थोडे सोडले. घरात पावसाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून ठेवायचे, इतका की तो चालू आहे हे विसरायला व्हावं. दर आठवड्याला किंचित वाढवायचे. इअरप्लग आता फक्त मागाच्या शेडमध्ये, फटाक्यांपाशी. 85 डेसिबलच्या वर ते हवेतच.

सहा-सात महिने लागले. कुकर लावला की आई अजून हाक मारते, "शिट्टी होईल गं, बस."