अंगावर झेपावणाऱ्या कुत्र्याला बसायला शिकवताना

कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: दार उघडलं की हा अंगावर झेपावतो, कितीही ओरडा, ऐकतच नाही. मी आधी विचारते, झेपावल्यावर त्याला मिळतं काय? तुम्ही त्याच्याकडे बघता, बोलता, हातांनी ढकलता. दिवसभर एकट्या राहिलेल्या कुत्र्याला नेमकं हेच हवं असतं. तुमच्या लेखी ती शिक्षा, त्याच्या लेखी बक्षीस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी ऑपरंट कंडिशनिंग म्हणून जे मांडलं, त्याचा गाभा हाच: वागण्यानंतर जे मिळतं त्यावर ते वागणं वाढतं किंवा घटतं. तुमचा हेतू तिथे मोजला जात नाही.

तेव्हा उडी मारली की हात छातीशी घ्या, पाठ फिरवा, गप्प राहा. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाऊ. खिशात चाचपडत बसलात तर तेवढ्यात तो भुंकतो, आणि बक्षीस भुंकण्याला जातं. म्हणून वाटाण्याएवढे तुकडे आधीच मुठीत ठेवा. तुकडा त्याच्या नाकाच्या खाली द्या. वर धरलात तर उडी मारायला तुम्हीच बोलावताय. हे जमलं की बसण्याकडे वळा. आधी मागचा भाग जरासा झुकला तरी खाऊ, मग पूर्ण टेकल्यावरच.

मध्येच उड्या वाढतील. नेहमीचं लक्ष मिळेना की कुत्रा आधी जोर लावून बघतो: पंजे मारतो, कपडे ओढतो. बहुतेक घरं इथेच वितळतात. ‘बरं बाबा, ये’ म्हणालात की तो शिकतो, जास्त जोर लावला की मिळतं. त्यातून एकजण पाठ फिरवतो आणि दुसरा लाड करतो, असं असेल तर सवय आणखी चिवट होते. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसासाठी स्किनर यांच्या प्रयोगातली कबुतरं दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दाणे देणाऱ्या बटणावर चोच मारत राहायची. हाच चिवटपणा नंतर आपल्या कामी येतो: बसणं पक्कं झालं की खाऊ कधी दुसऱ्या वेळी द्या, कधी पाचव्या.

मारू मात्र नका. माराने उडी थांबेलही, पण काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि तो तुमच्या हाताला घाबरू लागतो.

पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: तो बसेपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ऐकणारे नसतील, तर तेवढा वेळ त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.