दिव्याची फडफड आपल्याला कितीपर्यंत दिसते? घरच्या घरी मोजा

आधी इशारा, कारण शेवटी लिहिला तर कोणी वाचणार नाही. घरात कुणाला फिट येते किंवा मायग्रेन आहे, तर हे करूच नका. सेकंदाला साधारण 15 ते 25 वेळा फडफडणारा उजेड सगळ्यात डेंजर, म्हणून आपण 35 च्या खाली उतरायचंच नाही.

सामान म्हणजे आर्डुइनो उनो (कॉम्प्युटरवरून कोड टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड), पांढरा एलईडी, 220 ओमचा रेझिस्टर आणि 10 केचा पॉट, म्हणजे फिरवायचा नॉब. मुंबईत असाल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, सगळं मिळतं, फक्त रविवार टाळा.

पिन 8 मधून रेझिस्टर, त्याला एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. पॉटचे कडेचे पाय 5 व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला बोर्डाच्या ए-झिरो (A0) पिनला. कोडमध्ये नॉबचं रीडिंग 35 ते 80 मध्ये बसवून टोन कमांडला द्यायचं आणि तोच आकडा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर छापायचा. टोन कमांड स्पीकरसाठी आहे पण एलईडीला काय कळतंय, आणि उनोवर ती 31 च्या खाली जातच नाही, हा आपला फायदाच.

एलईडीचा टोचरा ठिपका नको. मी श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण समोर धरलं, मस्त पसरट चंद्र तयार होतो.

आता खोलीतले दिवे बंद, खिडकीला चादर (आमच्याकडे समोरच्या बिल्डिंगची ट्यूब थेट आत येते), पाच मिनिटं नुसतं बसा. नॉब तुम्ही फिरवा पण स्क्रीन तुमच्याकडे पाठ करून, आकडा दुसऱ्याने लिहायचा, नाहीतर मन आकड्याकडे ओढतं. 80 वरून हळूहळू खाली या, पहिली थरथर दिसली की "हां" म्हणा. मग अर्धा मिनिट डोळे मिटून आराम, आणि 35 वरून वर जा, उजेड स्थिर झाला की परत "हां". दोन्ही आकडे एक येत नाहीत, माझे 46 आणि 51 आले, चुकलं नाहीये, असंच होतं. पाच-पाच वेळा करून सरासरी काढा.

खरी मजा पुढे आहे. झाकणावर टिश्यू पेपरचे थर चढवत जा आणि प्रत्येक थराला परत मोजा, उजेड कमी झाला की आकडा घसरतो, म्हणजे अंधुक प्रकाशात आपली नजर चक्क स्लो होते. मग स्थिर वाटणाऱ्या झाकणाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा, बरेचदा फडफड परत दिसते.

भाऊ म्हणाला, हे तर डोळ्याचं झालं, यात मेंदूचं काम कुठे आलं? तर डोळ्याचा पडदा याहून बराच वेगात साथ देतो, फडफड पुसली जाते ती पुढे मेंदूकडे जाताना. तो सिग्नल थेट पकडायचा तर हॉस्पिटलात व्हीईपी टेस्ट (दिसलेल्या गोष्टीला मेंदू देतो तो सिग्नल मोजणारी) असते, डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड, समोर काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट होत राहतात आणि साधारण 100 मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. त्याला जाणार असाल तर आदल्या रात्री केस धुवा, तेल अजिबात नको, आमची मावशी चप्प तेल थापून गेली होती, इलेक्ट्रोड चिकटेचनात.