संजीवन कुणासाठी मागता आहात? आत्मिक गर्वाच्या या चुका टाळा

उपास झाले, प्रार्थना झाल्या, संजीवन, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागा व्हावा, म्हणून सभाही झाल्या, तरी मन कोरडेच. अशा वेळी आपण कारण शोधतो ते उघड पापांत. तिथे शोधायलाच हवे. पण एक जागा सहसा कोणी झाडत नाही, ती म्हणजे आपली जमेची बाजू: नेमाने होणारे शास्त्रवाचन, इतक्या वर्षांची सेवा, मिळालेली दाने. आत्मिक गर्वाचा मुक्काम तिथेच असतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक माझ्या मते ही: संजीवनासाठी प्रार्थना करताना डोळ्यांसमोर दुसऱ्यांचे चेहरे असणे. ‘प्रभू, तुझ्या मंडळीला जागे कर’ असे म्हणताना त्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण स्वतःला धरलेलेच नसते. झोपलेले ते, पहारेकरी आपण. उपदेश ऐकतानाही ‘आज अमका यायला हवा होता’ हेच मनात येते. मी हे वर्षानुवर्षे केले आहे. माझ्या प्रार्थनेच्या वहीत बरीच नावे होती, फक्त माझे नव्हते, आणि ते ध्यानात यायलाही फार उशीर लागला.

लूकच्या १८व्या अध्यायात येशूच्या दृष्टांतात दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात: धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोक पापी समजत असा कर गोळा करणारा जकातदार. त्यातला परूशी खोटे बोलत नव्हता, हे आपण विसरतो. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशमांश देत होता, आणि आभारही देवाचेच मानत होता. घात झाला तो ‘या जकातदारासारखा’ या शब्दांनी. प्रार्थना चालू असतानाच नजर शेजारी वळली. १२व्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्ड या मठाधिपतीने गर्वाच्या १२ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली पहिली हीच, इतरांवर भिरभिरणारी नजर. मराठी बायबलात तर कुसळ आणि मुसळ हे शब्द असे काही बसले आहेत की ते वाचून आपण हसतो आणि पुढे जातो.

यावर करायचे काय? यादीत पहिले नाव स्वतःचे घाला, आणि नावापुढे एकच ठोस गोष्ट लिहा. ‘मी पापी आहे’ एवढे जकातदाराला पुरले, कारण त्याच्या मनात त्या क्षणी दुसरे कोणी नव्हते. आपले तेच वाक्य बहुधा पाठ झालेले असते. ‘काल मी घरात तोडून बोललो आणि नंतर प्रार्थनेला गेलो’ हे म्हणायला जास्त जड जाते.

दुसरी चूक जुन्या साक्षीवर, म्हणजे देवाने आपल्यासाठी पूर्वी काय केले त्या गोष्टीवर, जगण्याची. अरण्यात देव इस्राएलांना रोज देई ते अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवले की त्यात किडे पडत. तारण झाले त्या दिवसाची गोष्ट आपण सांगतो आणि सांगता सांगता ती गुळगुळीत होत जाते. प्रकटीकरणाच्या पुस्तकातली लावदिकीयाची मंडळी ‘मला काही उणे नाही’ असे म्हणत होती, आणि प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोठावत होता. साक्ष द्यायची तर या महिन्यातली द्या. नसेल तर नाही म्हणा. त्यातही प्रामाणिकपणा आहे.

तिसरी: काम आपल्याच हातून, आपल्याच पद्धतीने व्हावे हा हट्ट. मोशेच्या काळात एल्दाद आणि मेदाद हे दोघे छावणीतच देवाचा संदेश देऊ लागले, तर मोशेचा मदतनीस यहोशवा अस्वस्थ झाला. ‘यांना मना करा’ म्हणाला. मोशेने उलट विचारले की, तुला माझ्यासाठी ईर्ष्या वाटते का? शेजारची मंडळी भरू लागली की आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य तपासा. ‘तिथे शिक्षण खोल नाही’ हे खरेही असेल. पण ते इतक्या लगेच का सुचले?

आता उपायच कसा बिघडतो ते पाहा. गर्व हुडकायला निघालेला माणूस थोड्याच दिवसांत स्वतःच्या नम्रतेचा हिशेब ठेवू लागतो. ५व्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन या मठवासीने ही फुशारकी कांद्यासारखी असल्याचे लिहिले: एक पापुद्रा काढावा, तर खाली दुसरा. म्हणून सोलत बसू नका. दिसला तेवढा गर्व कबूल करा आणि उठून कुणाच्या तरी कामाला लागा, शक्यतो आपले नाव होणार नाही अशा.

आणखी एक, हे पुढाऱ्यांसाठी. प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुझ्यात गर्व आहे’ म्हणून गप्प करणे हाही गर्वच. प्रेषित पौलाने ज्येष्ठ प्रेषित पेत्राला अंत्युखियात सर्वांदेखत विरोध केला होता. अपुल्लो वक्ता मोठा, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याकडून त्याने मार्ग अधिक नीट समजून घेतला.

आवेशालाच देवाचा अभिषेक समजले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या १७४०च्या दशकातल्या जागृतीत, म्हणजे संजीवनाच्या लाटेत, आहे. जेम्स डॅव्हनपोर्ट हा तरुण पाळक गावोगावी फिरून दुसऱ्या पाळकांना ‘यांचे परिवर्तन झालेले नाही’ असे जाहीरपणे म्हणू लागला. मार्च १७४३ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन येथे त्याच्या सांगण्यावरून लोकांनी पुस्तके जाळली. त्यांत नामवंत धर्मनिष्ठ लेखकांचीही होती. जागृतीचा पाठीराखा जोनाथन एडवर्ड्स त्याच सुमारास लिहीत होता की, धर्माविषयी आवेशी असलेल्यांच्या मनात सैतान शिरतो तो मुख्यतः आत्मिक गर्वाच्या दारातून.

१७४४ मध्ये डॅव्हनपोर्टने आपला कबुलीजबाब छापला. ‘चुकभूल माफ असावी’ अशा मोघम भाषेत तो नव्हता. पाळकांवर जाहीर आरोप केले, लोकांना मंडळ्यांपासून वेगळे व्हायला सांगितले, मनातल्या ऊर्मींना देवाचे मार्गदर्शन मानले, पुस्तके जाळायला लावली, अशी एकेक चूक त्याने वेगळी मांडली आणि मागे घेतली. चूक चारचौघांत झाली होती, कबुलीही त्याने चारचौघांतच दिली.